ऑपरेशन चालू असताना मेंदू जागचा सरकतो, तेव्हा डॉक्टर काय करतात?

मधुमालती

नमस्कार मंडळी. माझ्या धाकट्या दिरांच्या मेंदूत डाव्या बाजूला, बोलण्याच्या भागाजवळ गाठ निघाली आहे. चाकणहून कंपनीच्या बसने येताना फिट आली, तिथून सगळं सुरू झालं. एमआरआयवरून लो ग्रेड ग्लायोमा, म्हणजे मेंदूच्याच पेशींची हळू वाढणारी गाठ, वाटतोय, नक्की काय ते गाठीचा तुकडा तपासल्यावरच कळेल. ऑपरेशन पुण्यातच करायचं ठरलं आहे.

सर्जननी आम्हाला बसवून नीट समजावलं. नेव्हिगेशन लावणार आहेत. म्हणजे आधी काढलेला एमआरआय कॉम्प्युटरवर चढवतात, डोकं तीन खिळ्यांच्या क्लॅम्पमध्ये घट्ट बसवतात आणि एक इन्फ्रारेड कॅमेरा सर्जनच्या हातातल्या पॉइंटरवरचे चमकते गोळे बघत राहतो. पॉइंटरचं टोक डोक्यात कुठे आहे ते त्या एमआरआयवर दिसतं. इथवर सगळ्यांना धीर आला. मग ते म्हणाले, "पण कवटी उघडल्यावर मेंदू सरकतो. एमआरआयमधली जागा आणि खरी जागा यात फरक पडतो. तो फरक ओळखत ओळखतच पुढे जावं लागतं." सासूबाईंनी लगेच विचारलं, "डोकं घट्ट धरलंय ना, मग आतला मेंदू कसा काय हलतो?" डॉक्टरांनी सांगितलं, पण बाहेर ओपीडीची रांग होती आणि आमचंही अर्धं लक्ष भावजींच्या चेहऱ्याकडे होतं.

घरी आल्यापासून याच विषयावर वाचते आहे. एक आकडा डोक्यात बसलाय. अमेरिकेत डार्टमथच्या डॉ. डेव्हिड रॉबर्ट्स यांच्या गटाने १९९८ साली २८ ऑपरेशनांमध्ये मोजमाप केलं, तेव्हा मेंदूचा पृष्ठभाग सरासरी एक सेंटीमीटर सरकलेला निघाला, आणि तोही बहुतेक वेळा गुरुत्वाकर्षणाच्या दिशेने. बोलण्याच्या भागाशेजारी एक सेंटीमीटर म्हणजे किती, हे इथे कुणाला सांगायला नको.

इथे डॉक्टर मंडळी आहेत, या अनुभवातून गेलेले लोकही आहेत. हे का होतं, कसं ओळखतात, आणि ऑपरेशनआधी आम्ही काय विचारून ठेवावं?

निवांत

मधुमालतीताई, मी भूलतज्ज्ञ आहे, न्यूरोसर्जरीच्या केसेस नेहमी करते. सासूबाईंचा प्रश्न अगदी योग्य आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

क्लॅम्पने धरतात ती कवटी. मेंदू कवटीला चिकटलेला नसतो, तो पाण्यात असतो. सुमारे चौदाशे ग्रॅमचा मेंदू त्या पाण्यात तरंगताना जेमतेम पन्नासेक ग्रॅमचा भार टाकतो. वरचं जाड आवरण, म्हणजे ड्यूरा, उघडला की ते पाणी वाहून जायला लागतं. तरंगवणारा आधार कमी झाला की मेंदू स्वतःच्या वजनाने खाली बसतो. आता डोकं ज्या बाजूला वळवलं असेल त्यावर 'खाली' म्हणजे कुठे ते ठरतं.

आमचाही यात हात असतो. मेंदू फुगलेला असेल तर सर्जनला आत काम करता येत नाही, म्हणून आम्ही मेंदूतलं पाणी ओढून घेणारं मॅनिटॉल हे औषध देतो, डोक्याकडची बाजू थोडी उंच ठेवतो, व्हेंटिलेटरवर कार्बन डायऑक्साइड जरा खाली आणतो. सर्जन विचारतात, "ब्रेन लॅक्स आहे ना?" आम्ही तो लॅक्स, म्हणजे सैल, करून देतो, आणि लॅक्स झालेला मेंदू सरकतो. रुग्णाच्या सुरक्षिततेसाठी जे करायचं त्यातूनच हा फरक पडतो. त्यामुळे 'सरकला' म्हणजे कुणाचं काही चुकलं असं मनात आणू नका.

उलटही घडतं. सूज असेल तर ड्यूरा उघडताच मेंदू बाहेरच्या बाजूला फुगून येतो. पुढे गाठ निघत जाते तशी रिकाम्या झालेल्या जागेच्या भिंती आत येतात. वरचा भाग एका दिशेने आणि खोलातला वेगळ्याच दिशेने, वेगळ्या अंतराने हलतो. म्हणूनच 'आठ मिलिमीटरचा फरक धरून चला' असं म्हणून काम भागत नाही.

शनिवारवाला

माझ्या आईचं पार्किन्सन्ससाठी डीबीएस झालं, म्हणजे मेंदूत खोलवर विजेची बारीक तार बसवली. तिथे कवटीला फक्त छोटं भोक पाडतात, तरी हाच मुद्दा आला होता. भोकातून पाणी गेलं की आत हवा शिरते आणि मेंदूचा पुढचा भाग मागे ढकलला जातो. तार बसवायची जागा इतकी लहान, की एक-दोन मिलिमीटरही महत्त्वाचे. डॉक्टरांनी आईला जागं ठेवलं होतं. बारीक इलेक्ट्रोडने पेशींचे सिग्नल ऐकत ऐकत जागा पक्की केली. स्पीकरवर येणारा तो खरखराट आईला अजून आठवतो.

दिरांना शुभेच्छा. धागा वाचतोय.

ताम्हिणी

मी डॉक्टर नाही. हिंजवडीत गाड्यांच्या क्रॅशचं सिम्युलेशन करतो. पण हा विषय आमच्या धंद्याच्या इतका जवळचा आहे की लिहिल्याशिवाय राहवत नाही.

डार्टमथच्या लोकांनी नुसतं मोजून सोडून दिलं नाही. रुग्णाच्या एमआरआयवरून मेंदूचं मेश केलं, म्हणजे हजारो लहान लहान चौफलकांमध्ये तो विभागला, आणि आम्ही गाडीच्या पत्र्यासाठी लिहितो तशी समीकरणं मेंदूसाठी लिहिली. फरक मटेरियलचा. पोलादाचा कडकपणा सुमारे २०० गिगापास्कल आणि मेंदूचा काही किलोपास्कल. कोट्यवधी पटींचं अंतर! शिवाय मेंदू म्हणजे निव्वळ लवचीक पदार्थ नव्हे, पाण्याने भिजलेल्या स्पंजासारखा आहे. दाब पडला की पाणी हळूहळू झिरपतं आणि आकार वेळेनुसार बदलत जातो. इमारतीच्या पायाखालची ओली माती कशी खचते ते काढायला सिव्हिलवाले जे कन्सॉलिडेशनचं गणित वापरतात, तेच गणित त्यांनी मेंदूला लावलं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो.

खरी अडचण बाउंडरी कंडिशनची, म्हणजे गणितात बाहेरची परिस्थिती काय धरायची त्याची. किती पाणी गेलं, डोकं नेमकं कसं वळवलंय, मॅनिटॉलचा परिणाम किती झाला, हे ऑपरेशनच्या मध्यात कुणालाच अचूक सांगता येत नाही. व्हँडरबिल्ट विद्यापीठात मायकेल मिगा यांच्या गटाने त्यावर सुंदर तोड काढली. ऑपरेशनच्या आधीच निरनिराळ्या शक्यता धरून पुष्कळ उत्तरं काढून ठेवायची. ऑपरेशनमध्ये मेंदूचा उघडा पृष्ठभाग लेझर स्कॅनरने किंवा मायक्रोस्कोपवरच्या दोन कॅमेऱ्यांनी मोजायचा. मेंदूवरच्या रक्तवाहिन्या आधी कुठे होत्या, आता कुठे आहेत, ते जुळवायचं. मग आधीच्या उत्तरांचं कोणतं मिश्रण या मोजमापाशी जुळतं ते शोधायचं, आणि त्यानुसार अख्खा जुना एमआरआय वाकवून नवीन चित्र तयार करायचं. वेळखाऊ गणित आदल्या दिवशीच उरकलेलं असल्यामुळे थिएटरमध्ये थांबावं लागत नाही.

पृष्ठभागावर जे दिसतं त्यावरून खोलातलं ओळखायचं, हे यातलं सगळ्यात अवघड काम आहे, आणि तिथे मॉडेल अजून कमी पडतं.

पांथस्थ

हे सगळं वाचायला छान आहे, पण आपल्याकडे यातलं काय मिळतं? एका मोठ्या हॉस्पिटलच्या माहितीपत्रकात मी 'कॉम्प्युटरच्या साहाय्याने शंभर टक्के अचूक मेंदू शस्त्रक्रिया' असं वाचलंय. माझ्या चुलत्यांच्या वेळी त्याच भरवशावर आम्ही तिकडे गेलो. मेंदू सरकतो हे त्यांनी आधी सांगितलं नाही आणि नंतरही नाही. हा शब्द मी आज इथे पहिल्यांदा वाचतोय. मधुमालतीताईंच्या डॉक्टरांनी निदान सांगितलं तरी.

माझं मत स्पष्ट आहे. जिथे ऑपरेशनच्या मध्येच एमआरआय काढायची सोय नाही, तिथे जाऊच नये.

क्षितिज

पांथस्थ, तुमचा राग समजतो. शंभर टक्के अचूक असं कुणीही छापू नये. पण शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. मी रेडिओलॉजिस्ट आहे.

ऑपरेशनमध्ये एमआरआय ही कल्पना बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलमध्ये १९९० च्या दशकात प्रत्यक्षात आली. दोन कड्यांसारखं मॅग्नेट होतं आणि सर्जन त्या दोन कड्यांच्या मधल्या फटीत उभे राहून काम करत. आता मॅग्नेट शेजारच्या खोलीत ठेवतात, नाहीतर छतावरच्या रुळांवरून आत आणतात. चित्र उत्तम मिळतं, यात वाद नाही. पण प्रत्येक वेळी लोखंडाची प्रत्येक वस्तू मोजून बाहेर न्यायची, जखम झाकायची, भुलीच्या सगळ्या नळ्या सांभाळून रुग्णाला आत घ्यायचं. यात बराच वेळ जातो, म्हणून असं स्कॅन वारंवार करता येत नाही. आणि मिळतो तोही एका क्षणाचा फोटोच. पुन्हा काम सुरू झालं की मेंदू पुन्हा सरकायला लागतो.

पुरावा आहे. जर्मनीत सेन्फ्ट आणि सहकाऱ्यांनी केलेली चाचणी २०११ मध्ये 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'त आली. ऑपरेशनमध्ये एमआरआय वापरलेल्या गटात ९६ टक्के रुग्णांची दिसणारी गाठ पूर्ण निघाली, नेहमीच्या पद्धतीत ६८ टक्के. पण दोन्ही गट मिळून ४९ रुग्ण होते आणि बहुतेकांना ग्लायोब्लास्टोमा, म्हणजे घातक जातीचा ग्लायोमा, होता. मधुमालतीताईंच्या दिरांची गाठ वेगळ्या जातीची वाटते आणि बोलण्याच्या भागाला लागून आहे. तिथे पूर्ण काढणं एवढंच ध्येय नसतं.

आता सोनोग्राफी. माझ्या मते आपल्या देशात हेच सगळ्यात जास्त उपयोगाचं साधन आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. लहान तोंडाचा प्रोब, त्यावर निर्जंतुक कव्हर, आत जेल. ड्यूरा उघडण्याआधीच त्यावर ठेवून पहिलं चित्र घ्यायचं. मेंदूच्या दोन अर्धगोलांमधला पडदा उजळ रेघेसारखा दिसतो, पाण्याच्या पोकळ्या काळ्या दिसतात, गाठ बहुधा आजूबाजूपेक्षा उजळ. नेव्हिगेशनला जोडलेली सोनोग्राफी असेल तर ते चित्र जुन्या एमआरआयच्या शेजारी किंवा वर येतं. पडद्याच्या दोन रेघा एकमेकींवर बसल्या नाहीत की किती सरकलंय ते डोळ्यांना दिसतं. काही मिनिटांचं काम, हवं तितक्या वेळा करता येतं. टाटा मेमोरियलच्या डॉ. अलीअसगर मोइयादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा थ्रीडी सोनोग्राफीवर सातत्याने काम करून लिहिलं आहे. ते आपल्याकडच्याच रुग्णांवरचं काम आहे.

पण वापरणाऱ्याचा हात तयार हवा. गाठ निघत आली की पोकळीत सलाइन भरून बघतात. तेव्हा पोकळीच्या तळाशी एक उजळ पट्टा दिसतो. तो ध्वनिलहरींचा परिणाम असू शकतो, साचलेलं रक्त असू शकतं किंवा खरोखर उरलेली गाठ असू शकते. नवख्याला तिन्ही सारखेच दिसतात.

एक आपल्याकडची गोष्टही सांगतो. सोनोग्राफीचं प्रत्येक मशीन, थिएटरमधलंसुद्धा, गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या १९९४ च्या कायद्याखाली नोंदवावं लागतं, आणि ते ठरलेल्या जागेवरून हलवण्याचे नियम कडक आहेत. कायदा हवाच, महाराष्ट्राला त्याची गरज का पडली ते आपण जाणतो. पण त्यामुळे 'दुसऱ्या इमारतीतलं मशीन आज इकडे आणू' असं होत नाही. म्हणून मधुमालतीताई, न्यूरोच्या थिएटरमध्ये स्वतःचं मशीन आणि मेंदूसाठीचा प्रोब आहे का, हे जरूर विचारा.

मधुमालती

डॉक्टर, मनापासून आभार. सोनोग्राफी करणार असं त्यांनी सांगितलं होतं, मशीनचं उद्या विचारते. गाठ चमकवणारं एक औषध असतं असं एका नातेवाइकांनी सांगितलं, ते चालेल का? आणि भावजींना जागं ठेवून ऑपरेशन करायचं म्हणतायत. त्यांनी होकार दिलाय, घरच्यांची मात्र झोप उडालीय.

क्षितिज

ते ५-एएलए. आधी प्यायला देतात, मग निळ्या प्रकाशात गाठ लालसर चमकते. मेंदू कितीही सरकला तरी फरक पडत नाही, कारण गाठ स्वतःच दिसते. जर्मनीतल्या २००६ च्या चाचणीत ते दिलेल्या ६५ टक्के रुग्णांची दिसणारी गाठ पूर्ण निघाली, न दिलेल्यांत ३६ टक्के. पण ते सगळे घातक ग्लायोमाचे रुग्ण. लो ग्रेड गाठी बहुधा चमकत नाहीत, त्यामुळे तुमच्याकडे त्यावर भिस्त ठेवता येणार नाही.

शब्दवेल

जागं ठेवण्याबद्दल मी लिहिते. मी स्पीच थेरपिस्ट आहे, अशा ऑपरेशनांमध्ये रुग्णासमोर बसून बोलण्याचं काम करते.

मेंदूला स्वतःला वेदना नसतात. त्वचा आणि ड्यूरासाठी जागेवर भूल देतात, सुरुवातीला झोपवतात आणि कामाच्या वेळी जागं करतात. सर्जन मेंदूच्या पृष्ठभागावर अगदी कमी विजेचा स्पर्श देतात. त्याच क्षणी मी टॅबवर चित्र दाखवते आणि रुग्णाने "ही किल्ली" असं पूर्ण वाक्य म्हणायचं. 'ही' म्हटलं आणि 'किल्ली' अडली, तर ती जागा नाव शोधण्याच्या कामाची. 'ही'सुद्धा आली नाही आणि ओठ थांबले, तर वेगळं काही. अशा जागेवर छोटी निर्जंतुक चिठ्ठी, त्यावर आकडा. मधुमालतीताई, या धाग्याच्या दृष्टीने महत्त्वाचं असं की ती चिठ्ठी मेंदूवरच ठेवलेली असते. मेंदू सरकला की ती त्याच्याबरोबर सरकते. स्क्रीनवरचा एमआरआय काहीही सांगो, बोलण्याची जागा त्या चिठ्ठीखालीच असते. म्हणून बोलण्याच्या भागाजवळ सर्जन आधी या चाचणीवर विश्वास ठेवतात आणि मग स्क्रीनवर.

चित्रं आदल्या दिवशी त्यांच्याकडून म्हणवून घेतात. जी नावं तेव्हाच अडतात ती काढून टाकतात, नाहीतर दुसऱ्या दिवशी दोष विजेचा की सवयीचा ते कळत नाही. चित्रं त्यांच्या घरची हवीत. उखळ, रवी, विळी, एसटी, पायताण. परदेशी संचातला बर्फावरचा घसरगाडा आमच्याकडच्या माणसाला जागेपणीही आठवत नाही. ते कामावर हिंदी किंवा इंग्रजी बोलत असतील तर तेही थेरपिस्टना आधी सांगा, दोन भाषांच्या जागा थोड्या वेगळ्या निघू शकतात.

निवांत

शब्दवेल यांच्याशी पूर्ण सहमत. भर एवढीच घालते की अनुभवी सर्जन नेव्हिगेशन सोडून देत नाहीत, ते कधी वापरायचं हे त्यांना माहीत असतं. कवटी कुठे आणि किती उघडायची हे ठरवताना काहीच सरकलेलं नसतं, तेव्हा ते उत्तम. काहीजण पाणी फारसं वाहून जाण्याआधीच गाठीच्या कडांवर खुणा रोवून घेतात आणि मग आतला भाग काढतात. ड्यूरा उघडल्यावर पॉइंटर एखाद्या ओळखीच्या रक्तवाहिनीवर टेकवून बघतात. टोक पृष्ठभागाला लागलंय, पण स्क्रीनवर ते मेंदूच्या आत बुडालेलं दिसतंय, तर मेंदू तेवढा खाली बसला. टोक मेंदूच्या बाहेर हवेत दिसलं, तर तो फुगून वर आलाय.

पांथस्थ

क्षितिज, मुद्दा पटला. एमआरआयचा हट्ट सोडतो. आता खर्चाचं. आमच्यासारखे अनेकजण इथे वाचत असतील, म्हणून सांगतो : महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मेंदूच्या बऱ्याच शस्त्रक्रिया येतात, रेशन कार्ड घेऊन हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भेटा. आणि धर्मादाय हॉस्पिटल असेल तर १० टक्के खाटा निर्धनांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आधीच काढून ठेवा, ऐन वेळी धावपळ होते. मधुमालतीताई, अडचण असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, कागदपत्रांसाठी मी बरोबर येईन.

मधुमालती

मंडळी, ऑपरेशन झालं. भावजी शुद्धीवर आहेत, आयसीयूतून वॉर्डात आले. मला ओळखून "वहिनी" म्हणाले. पुढचे शब्द जोडायला वेळ लागतोय, पण समजतं सगळं.

सर्जननी बाहेर येऊन कागदावर चित्र काढून दाखवलं. ड्यूरा उघडल्यावर सात-आठ मिलिमीटर फरक दिसला. त्यांनी सोनोग्राफीने पुन्हा जागा घेतली, मधेमधे तीन-चारदा बघितलं. मागच्या कडेला वीज दिली तेव्हा भावजींचा 'रवी' शब्द दोनदा अडला. सोनोग्राफीत तिथे थोडी गाठ अजून दिसत होती, तरी ते तिथेच थांबले. "ती काढली असती तर बोलणं गेलं असतं," म्हणाले. शब्दवेल, घरच्या वस्तूंची यादी तुमच्यामुळेच त्यांना नेऊन दिली होती.

आता उद्याच परत एमआरआय करायचा म्हणतात. इतक्या लगेच कशाला, आणि त्यांना पुन्हा त्या मशीनमध्ये घालणं गरजेचं आहे का, असं घरात चाललंय.

शब्दवेल

खूप बरं वाटलं. शब्द अडणं या दिवसांत अपेक्षित आहे, आसपासची सूज उतरते तसं बहुतेकांचं बरंच सुधारतं. त्यांचं वाक्य तुम्ही पूर्ण करून देऊ नका, थांबा. भेटायला येणाऱ्यांनाही हे सांगा. डिस्चार्जच्या आधीच थेरपीची वेळ ठरवून घ्या.

क्षितिज

एमआरआय करूनच घ्या. तो ऑपरेशननंतर ७२ तासांच्या आत हवा. त्यानंतर जखमेभोवतीचे नेहमीचे बदलही गाठीसारखे चमकायला लागतात आणि किती उरलीय ते नीट सांगता येत नाही. मेंदू आता नव्या जागी बसलेला असेल, पोकळीचा आकारही वेगळा असेल. पुढे वर्षानुवर्षं प्रत्येक स्कॅन ऑपरेशनआधीच्या चित्राशी नव्हे, तर उद्याच्या या चित्राशी ताडून बघायचा आहे. म्हणून नुसत्या फिल्मवर भागवू नका. सीडी मागून घ्या, घरी कॉम्प्युटरवर उघडते का ते बघा आणि तिची एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवा.